घरबसल्या काम आणि न दिसणारा मालक

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घरी बसून काम करावे आणि संसाराला हातभार लावावा, ही गोष्ट नाशिक जिल्ह्याला नवीन नाही. सिन्नर परिसरात कित्येक पिढ्या घराघरांतून विड्या वळल्या गेल्या. कारखानदाराकडून पाने आणि तंबाखू आणायचा, घरचे काम सांभाळत मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि हजाराच्या हिशेबाने त्या पोचत्या करायच्या, असा तो क्रम होता. मजुरी तुटपुंजी होती, कष्ट अपार होते. परंतु विडी कोणाकडे पोचवायची आणि पैसे बुडाले तर कोणाच्या दारात जाऊन बसायचे, हे त्या निरक्षर माउलीला पक्के ठाऊक होते.

पुढे ओझरचा विमान कारखाना, नाशिकरोडची मुद्रणालये, सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहती यांच्या आधारावर नाशिकचा मध्यमवर्ग उभा राहिला. त्या नोकरीलाही एक फाटक होते. फाटकावर पाटी होती, आत हजेरीपत्रक होते आणि आपल्याच गल्लीतील चार माणसे तेथे कामाला जात होती. नोकरी खरी की खोटी, असा प्रश्नच त्या काळी सहसा पडत नसे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर मात्र चित्र पालटले. कार्यालय घरात आले. हिशेब, भाषांतर, शिकवणी, संगणकाची आज्ञावली, ग्राहकांना उत्तरे देणे अशी कितीतरी प्रामाणिक कामे आज घरी बसून करता येतात आणि अनेक कुटुंबे ती करीत आहेत. लहान मूल असलेली सून, नुकती पदवी मिळवलेला मुलगा, निवृत्त झालेले वडील या साऱ्यांना ती मोठी सोय आहे. मात्र या नोकरीला फाटक नाही. मालक दिसत नाही, त्याचे गाव ठाऊक नाही, कधी कधी तो या देशातही नसतो. सिन्नरच्या त्या माउलीला जे ठाऊक होते, तेच आजच्या पदवीधराला ठाऊक नसते. फसवणुकीचे मूळ येथे आहे.

पैसा कोणत्या दिशेने वाहतो?

खऱ्या आणि खोट्या मालकातील भेद ओळखण्याची पहिली कसोटी अगदी साधी आहे. कष्ट कामगाराकडून मालकाकडे जातात आणि पैसा मालकाकडून कामगाराकडे येतो. ही दिशा उलटली की समजावे, ती नोकरी नव्हे.

१९५९ साली मुंबईत गिरगावात सात गृहिणींनी ८० रुपयांच्या उधारीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ हा उद्योग उभा राहिला. भगिनींनी केंद्रावरून मळलेले पीठ घरी न्यावे, पापड लाटून आणून द्यावेत, त्यांची तपासणी व्हावी आणि लाटणावळ हातात पडावी, अशी ही व्यवस्था आहे. घरबसल्या कामाचे याहून प्रामाणिक उदाहरण शोधून सापडणार नाही.

याच्या शेजारी आजची एक नेहमीची जाहिरात ठेवून पाहा. एखाद्या नामांकित पेन्सिल कंपनीचे नाव घेऊन सांगितले जाते की, घरी बसून पेन्सिली डब्यांत भरा आणि महिना तीस हजार रुपये मिळवा. संपर्क साधला की प्रथम नोंदणीचे पैसे, मग ओळखपत्राचे, मग मालवाहतुकीचे, मग विम्याचे. प्रत्येक वेळी रक्कम थोडी आणि आश्वासन एकच, की ही सारी रक्कम पहिल्या पगारात परत मिळेल. पेन्सिली कधीच येत नाहीत. ज्या कंपन्यांत हे काम यंत्रे करतात, त्या घरोघरी पेन्सिली कशाला वाटतील, हा प्रश्न शांतपणे विचारला तर उत्तर आपोआप मिळते. परंतु गरज असते तेव्हा माणसाचे मन शांत नसते, आणि जाहिरात देणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

नावे बदलली, खेळ तोच

हा खेळ कालपरवाचा नाही. २०१० साली ‘स्पीक एशिया’ नावाची सिंगापूरची म्हणवणारी कंपनी भारतात अवतरली. ११ हजार रुपये भरून तिच्या ई-मासिकाचे सभासद व्हायचे, आठवड्याला दोन सर्वेक्षणांचे अर्ज संगणकावर भरायचे आणि प्रत्येकाचे ५०० रुपये घ्यायचे. म्हणजे ११ हजारांवर वर्षाला ५२ हजार! ही सर्वेक्षणे कोणत्या उद्योगाला हवी होती, त्यांचे पैसे कोण देत होते, हे सभासदांपैकी फारच थोड्यांनी विचारले. २०११ मध्ये देणी थांबली, मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास सुरू केला आणि देशभरातील लाखो कुटुंबांचे पैसे अडकले.

२०१७ च्या फेब्रुवारीत नोएडा येथील ‘सोशल ट्रेड’चे प्रकरण उघडकीस आले. ५ हजार ७५० पासून ५७ हजार ५०० रुपयांपर्यंत रक्कम भरायची आणि संगणकावर एकेक पान ‘लाइक’ करून दर वेळी पाच रुपये मिळवायचे, अशी ती योजना होती. सुमारे ३,७०० कोटी रुपये आणि सहा लाखांहून अधिक माणसे यात गुंतल्याचे उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष कृती दलाने सांगितले. नव्याने येणाऱ्यांचेच पैसे आधीच्यांना कमाई म्हणून वाटले जात होते.

तिसरा अवतार आपल्या सर्वांच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. ६ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने अर्धवेळ कामाच्या आणि गुंतवणुकीच्या नावाखाली फसवणूक करणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद केल्याचे जाहीर केले. गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने ती शोधून काढली होती. ती परदेशातून चालवली जात होती. निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण हे त्यांचे लक्ष्य होते, असे सरकारने त्या वेळी नमूद केले. संकेतस्थळे बंद झाली. परंतु नवे संकेतस्थळ उभे करायला एक दिवस पुरतो.

द्राक्षाच्या व्यापाऱ्याची युक्ती

या तिसऱ्या प्रकाराची रीत निफाड आणि दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला चटकन समजेल. बाहेरगावचा व्यापारी हंगामात येतो. पहिल्या दोन गाड्यांचे पैसे जागेवर रोख मोजतो. शेतकऱ्याचा विश्वास बसतो. मग तो मोठा माल उधारीवर, धनादेशावर उचलतो आणि एके दिवशी खोलीला कुलूप लावून परागंदा होतो. २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम उघडली, तेव्हा फसलेल्या शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येने तक्रारी दिल्या होत्या.

मोबाइलवरील ‘टास्क’ची हीच रीत आहे. अनोळखी क्रमांकावरून संदेश येतो. हॉटेलांना नकाशावर तारांकन द्या, चित्रफितींना पसंती द्या, प्रत्येकी पन्नास रुपये. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखरच खात्यात येतात. मग टेलिग्रामच्या एका गटात घेतले जाते. तेथील पन्नास-साठ सभासद आपल्या कमाईची चित्रे टाकीत असतात. ते सारे सावजाभोवती बसवलेले सोंगाडे असतात. पुढचे काम ‘प्रीपेड’ असते. हजार भरा, तेराशे घ्या. तेही मिळतात. त्यानंतर पाच हजार, वीस हजार, लाख. पडद्यावर जमा रक्कम वाढत जाते, परंतु ती केवळ पडद्यावर असते. काढायला गेले की एक काम चुकले म्हणून दंड, कर म्हणून रक्कम, खाते मोकळे करण्यासाठी आणखी रक्कम. आधीचे वाचवण्यासाठी माणूस नवे घालत जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पहिल्या दिवशी मिळालेले ते दीडशे रुपये कोठून येतात? बहुधा दुसऱ्या एखाद्या फसलेल्या घरातून. म्हणूनच पुढे पोलीस पैशाचा माग काढतात, तेव्हा ती साखळी आपल्या खात्यापर्यंत पोचू शकते आणि खाते गोठवले जाऊ शकते. याहून भयंकर प्रकार म्हणजे, ‘तुमचे खाते आम्हाला वापरायला द्या, येणारी रक्कम पुढे पाठवा, टक्केवारी घ्या’ असे काम. अनेक महाविद्यालयीन तरुणांना ही सोपी नोकरी वाटते. प्रत्यक्षात ते चोरीचा माल ठेवून घेणे आहे. अशा खातेदाराला आरोपी म्हणून उभे राहावे लागते आणि ज्या वयात चारित्र्याचा दाखला हवा असतो, त्या वयात न्यायालयाच्या तारखा नशिबी येतात.

‘छाट’ आणि खोटी नोटीस

विडी कामगारांच्या जुन्या दुःखांतील एक शब्द होता – ‘छाट’. वळून आणलेल्या विड्यांतील काही निकृष्ट ठरवून बाजूला काढायच्या आणि त्यांची मजुरी द्यायची नाही. या तक्रारी इतक्या होत्या की, १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यात नाकारलेल्या विड्यांचा वाद शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद करावी लागली.

आज ‘डेटा एंट्री’च्या नावाने तीच छाट परतली आहे, फक्त अधिक निर्दयपणे. जाहिरात पाहून सून अर्ज करते. आधार कार्ड आणि स्वाक्षरी घेऊन करारपत्र पाठवले जाते. दहा दिवसांत शेकडो अर्ज भरायचे आणि अचूकता जवळजवळ शंभर टक्के हवी. ती रात्री जागून काम पुरे करते. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ उघडतच नाही, किंवा अहवाल येतो की काम अनुत्तीर्ण झाले. मजुरी तर नाहीच, उलट करारभंगाबद्दल काही हजार रुपये भरा, अन्यथा खटला भरू, असा दूरध्वनी येतो. पाठोपाठ वकिलाच्या नावाची नोटीस, न्यायालयाचा शिक्का, अटकेची धमकी. घरात कळू नये म्हणून ती माउली आपल्या जवळचे पैसे, प्रसंगी दागिना मोडून त्यांच्या हवाली करते.

या भीतीचे निरसन आधी झाले पाहिजे. वकिलाची नोटीस हा न्यायालयाचा आदेश नसतो. काम अचूक झाले नाही, हा फार तर दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. त्यासाठी पोलीस अटक करीत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची कितीही मोठी रक्कम लिहिलेली असली, तरी न्यायालय वाजवी भरपाईपलीकडे काही देववीत नाही. आणि कपटाने करून घेतलेला करार फसलेल्या पक्षाला रद्द करून घेता येतो. खटला दाखल झाल्याचे कोणी सांगितले, तर त्याला सोळा अक्षरांकी सीएनआर क्रमांक विचारावा. ‘ई-कोर्ट्स’च्या संकेतस्थळावर तो घालून प्रकरण खरोखर आहे की नाही, हे घरबसल्या पाहता येते. उलटपक्षी, अशी फसवणूक हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहे, आणि संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ‘ड’ खाली गुन्हा आहे. भिण्याची पाळी त्यांची आहे.

पडद्यामागचा माणूस

टेलिग्रामवर गोड बोलणारा तो माणूस कोण असतो? मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे मायदेशी आणले. म्यानमारच्या थायलंड सीमेवरील केंद्रांत ते अडकले होते. चांगल्या नोकरीच्या आमिषाने त्यांना नेले गेले आणि तेथे त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करवून घेतली गेली. म्हणजे एका फसलेल्या नोकरी-इच्छुकाला दुसऱ्याला फसवण्याच्या कामाला जुंपले जाते! म्हणूनच परदेशातील संगणकीय कामाचे बोलावणे आले, तर मध्यस्थ परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर नोंदलेला आहे काय, हे पाहिल्याशिवाय आणि पर्यटक व्हिसावर कोणत्याही तरुणाने पाऊल उचलू नये.

पारखून घेण्याची रीत

सोयरीक जुळवताना आपण घराणे पाहतो, चार ठिकाणी चौकशी करतो. नोकरीसाठीही तेवढीच चिकित्सा हवी.

कंपनीचे नाव केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. प्रत्येक नोंदणीकृत कंपनीला एकवीस अक्षरांकी ओळखक्रमांक असतो. जीएसटी क्रमांकही तपासता येतो. परंतु एवढ्याने भागत नाही, कारण भामटे बहुधा खऱ्या कंपनीचेच नाव घेतात. नाव खरे आणि माणूस खोटा, अशी स्थिती असते. यासाठी संदेशात आलेला क्रमांक बाजूला ठेवावा, कंपनीच्या मूळ संकेतस्थळावरील क्रमांक स्वतः शोधावा आणि अशी जागा निघाली आहे काय, हे तेथे विचारावे. हा एक दूरध्वनी बहुतेक सोंगे उघडी पाडतो.

मुलाखत केवळ लिखित संदेशांवर आटोपली, चेहरा दाखवला नाही, कामाच्या मानाने पगार अवाच्या सवा सांगितला आणि ‘आजच निर्णय द्या’ अशी घाई केली, तर थांबावे. आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच अंक दिसणारी ‘मास्क्ड’ प्रत द्यावी. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या ताब्यात देऊ नयेत. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआयचा गुप्त क्रमांक कधीही लागत नाही. तो मागितला, म्हणजे पैसे जाणार आहेत. आपल्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

मालक खरा असून अप्रामाणिक असण्याचा प्रकारही असतो. भाषांतर वा लेखनाचे काम देताना ‘नमुना’ म्हणून दहा उमेदवारांकडून दहा प्रकरणे फुकट करून घ्यायची आणि सर्वांना नापसंत कळवायचे, ही त्यांची रीत. नमुना एका पानाचा असावा. त्यापुढील कामाचा मोबदला ठरलेला असावा. दर, मुदत आणि पैसे मिळण्याची तारीख पत्राने वा ई-मेलने लेखी घ्यावी. नवीन माणसाचे काम असेल, तर आठवड्याचे आठवड्याला पैसे मागावेत आणि पहिले आल्याशिवाय पुढचे सोपवू नये. कायम नोकरी असेल, तर नियुक्तीपत्राचा आग्रह धरावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे. ते मागणे हा उद्धटपणा नव्हे, हक्क आहे.

पहिला तास आणि घराचे दार

इतके करूनही फसवणूक झाली, तर काय करावे? तत्काळ १९३० हा राष्ट्रीय क्रमांक लावावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. २०२१ पासून बँका आणि पोलीस यांना जोडणारी व्यवस्था देशभर उभी आहे. तक्रार वेळेत पोचली, तर पैसे भामट्याच्या खात्यातून पुढे सरकण्यापूर्वी रोखता येतात. व्यवहाराचा क्रमांक, समोरच्याचे क्रमांक, संभाषणाची छायाचित्रे जपून ठेवावीत. रागाने वा लाजेने काहीही पुसून टाकू नये. स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवावे. यानंतर ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ म्हणणारा कोणी भेटला, तर तो त्याच टोळीचा दुसरा हात समजावा.

पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जायला काही मिनिटे लागतात आणि फसलेल्या माणसाला घरात तोंड उघडायला कधी कधी काही आठवडे लागतात. भामट्यांचे खरे बळ या अंतरात आहे. सून बोलत नाही, कारण सासरी काय म्हणतील. मुलगा बोलत नाही, कारण वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून दिलेले पैसे गेले. वडील बोलत नाहीत, कारण आयुष्यभर ते घराचे कर्ते होते आणि आता मुलांपुढे मूर्ख ठरायचे नाही. आणि अशा वेळी घरातून येणारे पहिले वाक्य बहुधा असते, “एवढा शिकलेला असून फसलास कसा?” या एका वाक्याने पुढची सारी दारे बंद होतात. कर्ज काढून खड्डा बुजवण्याचा प्रयत्न सुरू होतो आणि काही घरांत गोष्ट जिवावर बेतते.

ज्या घरात चूक सांगता येते, त्या घराला लुबाडणे भामट्याला जड जाते. आपण कुटुंबाला समाजाचा पाया मानतो. त्या पायाची परीक्षा सणासमारंभात होत नाही. घरातील एक माणूस खाली मान घालून समोर उभा राहतो, तेव्हा ती होते. त्या वेळी रागावणे उद्यावर टाकावे आणि आधी १९३० लावावा.

कार्यकर्त्यांसाठीही येथे काम आहे. प्रत्येक वस्तीत संगणक जाणणारा एखादा तरुण, बँकेतून निवृत्त झालेला एखादा गृहस्थ आणि एखादा वकील असतोच. या तिघांनी आठवड्यातून एक तास एकत्र बसावे. कोणालाही नोकरीचे पत्र आले, करार आला वा नोटीस आली, तर त्याने ती निःसंकोच आणून दाखवावी आणि स्वाक्षरीपूर्वी दुसऱ्याच्या नजरेखालून जाऊ द्यावी. यासाठी निधी लागत नाही, मंडप लागत नाही. मात्र दाखवायला आलेल्याचे नाव बाहेर जाणार नाही, एवढा विश्वास हवा.

न दिसणाऱ्या मालकाकडे काम करणारी पिढी आता वाढतच जाणार आहे. तिला कामापासून रोखणे शक्य नाही आणि इष्टही नाही. मालक दिसत नसला, तरी आपली माणसे तिला दिसली पाहिजेत, हाकेच्या अंतरावर. तेवढी व्यवस्था आपण आपापल्या घरापासून उभी करू या.